गोष्ट मोठी झाली, बोटे तिथेच राहिली

प्रश्न: माझे वय 41 आहे. मी नाशिकमध्ये एका पतसंस्थेत नोकरी करतो. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘आयजीआय’, ‘वाइस सिटी’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळायला लागलो आणि तो नाद आजतागायत सुटलेला नाही. आवडत्या मालिकेचा नवा भाग आला की घ्यायचाच, असा माझा नेम आहे. मात्र अलीकडे काहीतरी बिनसले आहे. ‘जीटीए फाइव्ह’ नव्या कन्सोलवर पुन्हा सुरू केला, पण बांधलेल्या माणसाचा छळ करण्याचे मिशन आले आणि मी कंट्रोलर खाली ठेवला. पूर्वी हेच मिशन मी हसत पार केले होते. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ अर्धाच पडून आहे. गोष्ट आवडते, पण तीच ती कापाकापी करवत नाही. सहकारी म्हणतो, तुझे वय झाले. पत्नी विचारते, इतकी वर्षे माणसे मारून तुमच्या मनावर काहीच परिणाम झाला नसेल का? त्यातच बारा वर्षांचा मुलगा ‘जीटीए सिक्स’ची वाट पाहत बसला आहे. जुन्या मालिका बिघडल्या की मी बिघडलो? पत्नीच्या प्रश्नाला काय उत्तर देऊ? आणि मुलाला काय सांगू?
– एक जुना खेळाडू, नाशिक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पूर्वी हसत पार केलेल्या मिशनवर आज हात थांबला, याचा अर्थ तुमच्यात काही बिघडले असा मी करणार नाही. आधी त्या मिशनकडेच नीट पाहू. सरकारी हस्तकांच्या सांगण्यावरून ट्रेव्हर हा गेमचा एक नायक एका बांधलेल्या माणसाचा छळ करतो. पाना, पक्कड, विजेचा झटका, पाणी यांतले काय वापरायचे ते खेळाडूने निवडायचे असते आणि ती क्रिया कंट्रोलरवर स्वतःच्या बोटांनी करायची असते. लिहिणाऱ्यांचा हेतू उघड आहे. 2001 नंतर अमेरिकेत चौकशीच्या नावाखाली जे चालले त्याच्यावर हा उपरोध आहे, आणि छळानंतर ट्रेव्हर स्वतःच त्या माणसाला ऐकवतो की अशा छळातून माहिती मिळत नसते, तो करणाऱ्याची आणि करवून घेणाऱ्याची हौस तेवढी भागते. म्हणजे गोष्ट छळाच्या विरुद्ध बोलते आणि त्याच वेळी खेळाडूच्या बोटांकडून छळ करवून घेते. तरुणपणी तुम्ही त्यातला उपरोध ऐकलात. या खेपेला तुमचे लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेले. या दोहोंतला फरक हाच तुमच्या पहिल्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

कोणत्याही दीर्घायुषी गेम-मालिकेत बहुतेक सगळे बदलता येते. शहर बदलते, नायक बदलतो, संगीत बदलते, चित्रण तर दर पाच-सात वर्षांनी ओळखू येणार नाही इतके बदलते. बदलता येत नाही ती एकच गोष्ट: पहिल्या यशस्वी भागात खेळाडूचा हात जे करत होता ते. लोक त्यासाठीच पैसे मोजतात, आणि निर्मात्यांनाही ते ठाऊक असते. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांचे असेच होते. ज्या पदाला हमखास ‘वन्स मोअर’ मिळतो ते पद गाळण्याची छाती कोणत्याही कंपनीला झाली नाही, मग नायकाची भूमिका करणारा नट पन्नाशी ओलांडून गेलेला का असेना. ‘सुपर मारिओ’ 1985 साली उड्या मारत होता आणि आजही उड्याच मारतो, पण उडीला वय होत नाही. चित्रण कितीही सुधारले तरी उडी ही उडीच राहते. गोळी आणि तलवार यांचे मात्र तसे नाही. तीच क्रिया जसजशी अधिक खरी दिसू लागते, तसतसा तिचा अर्थ बदलत जातो.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ आठवा. 1992 साली तो गेम पार्लरमधल्या यंत्रांवर आला तेव्हा त्यातली माणसे खऱ्या नटांच्या छायाचित्रांवरून घेतलेली होती. प्रतिस्पर्ध्याचे डोके पाठीच्या कण्यासकट उपटणारा सब-झीरो हा लढवय्या तेव्हाच्या मुलांना भयंकर कमी आणि गमतीदार जास्त वाटे, कारण ठोकळ्या-ठोकळ्यांच्या त्या चित्रात रक्त म्हणजे लाल ठिपके होते. तीस वर्षांनंतर त्याच मालिकेत तीच क्रिया स्नायू, हाडे आणि आतड्यांच्या तपशिलांसह दाखवली जाते. 2019 साली त्या मालिकेच्या अकराव्या भागावर काम केलेल्या एकाने नाव न देता सांगितले होते की, असली दृश्ये घडवण्यासाठी दिवसचे दिवस खरी भीषण चित्रे पाहावी लागल्याने त्याची झोप उडाली आणि अखेर उपचार घ्यावे लागले. खेळाडू दोन सेकंदांत पाहून पुढे सरकतो ते दृश्य कोणीतरी महिनोन्महिने समोर ठेवून घडवलेले असते, याचा विचार आपल्यापैकी फारच थोड्यांनी केला असेल.

हिंसेवरून उठलेल्या गदारोळांतही काय दिसते आणि हात काय करतो यांची गल्लत होते. 1993 मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घरच्या कन्सोलवर आला तेव्हा सेगाच्या यंत्रावर गुप्त कोड टाकला की रक्त दिसे, तर निन्टेन्डोने रक्ताच्या जागी राखाडी घाम दाखवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये या विषयावर सुनावणी झाली आणि 1994 पासून तिथे गेमवर वयाचे शिक्के मारणारी संस्था अस्तित्वात आली. आपल्याकडे 2019 मध्ये राजकोटला ‘पबजी’ खेळल्याबद्दल पोलिसांनी काही तरुणांना अटक केली होती. 2020 मध्ये देशभर बंदी आली ती मात्र हिंसेसाठी नव्हे, तर माहितीच्या सुरक्षेचे कारण देऊन. पुढे 2021 मध्ये हाच गेम ‘बीजीएमआय’ या नावाने परतला तेव्हा त्यातले रक्त हिरवे झालेले होते. घाम राखाडी करा किंवा रक्त हिरवे करा, अंगठा तेच करत असतो. हा केवळ नियामकांच्या समाधानाचा भाग आहे आणि तुमच्या अस्वस्थतेवर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

तुम्ही ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा उल्लेख केलात, हे बरे झाले, कारण एखादी मालिका वय लपवण्यासाठी हिंसेचा आधार कसा घेते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला माहीत नाही. जॉर्डन मेक्नर यांनी 1989 साली हा गेम केला तेव्हा आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले होते आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली चौकट-चौकट करून उतरवल्या होत्या. त्यात तलवार होती, पण गेम मुळात उडीचा होता: अंतर मोजायचे, श्वास रोखायचा, कडा पकडायचा. 2003 चा ‘सँड्स ऑफ टाइम’ त्याच उडीचा वारस होता. त्यातले शत्रू मेले की त्यांची वाळू होई. रक्ताचा प्रश्नच नव्हता. शिवाय सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः सांगतो आहे अशी योजना होती, त्यामुळे तुम्ही दरीत पडलात की तो घाईने म्हणे, नाही नाही, असे झाले नव्हते, आणि काळ मागे फिरे. मरण हा कथेकऱ्याचा अडखळणारा शब्द होता. हिंसेला इतक्या अदबीने हाताळणारे गेम त्या काळात विरळाच होते.

त्या भागाची समीक्षकांनी वाहवा केली, पण खप कौतुकाच्या मानाने बेताचा राहिला. मग 2004 मध्ये ‘वॉरियर विदिन’ आला. राजपुत्र दाढी वाढवलेला, चिडखोर. मुंडकी उडवणारा, माणसे उभी चिरणारा. पाठीमागे हेवी मेटलचा दणदणाट. तुम्ही कॉलेजात खेळलात तो बहुधा हाच असेल, कारण आपल्याकडच्या सायबर कॅफेत तो बराच चाले. तो वाईट गेम होता असे मी म्हणणार नाही. त्यातला दाहाका हा राक्षस पाठलागाला लागला की आजही घाम फुटतो, आणि लक्षात घ्या, तो पाठलाग पुन्हा उड्यांचाच आहे. मेक्नर यांनी मात्र ही रक्ताळलेली दिशा आपल्याला पसंत नसल्याचे जाहीरपणे सांगितले. 2005 च्या तिसऱ्या भागात निर्मात्यांनीही बरीच माघार घेतली. राजपुत्राच्या अंगरक्षकांवर बेतलेला म्हणून याच मालिकेतून जो उपगेम निघायचा होता, तो 2007 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ म्हणून स्वतंत्र झाला. मूळ मालिकेला उडी पुरेना, आणि तिच्या पोटातून निघालेली मालिका लपून खंजीर खुपसण्यावर जगभर गाजली, हे बाजारानेच दिलेले उत्तर होते.

या मालिकेची पुढची हकीकत आपल्या दाराशी येते. ‘सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक, म्हणजे नव्याने घडवलेली आवृत्ती, 2020 च्या सप्टेंबरात जाहीर झाला तेव्हा तो मालिकेची मालक कंपनी युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे सोपवलेला होता. पहिली झलक पाहून चाहत्यांनी चेहऱ्यांवरून आणि उजेडावरून अशी काही झोड उठवली की प्रकाशन पुढे ढकलले गेले आणि 2022 मध्ये काम कंपनीच्या माँट्रियलमधल्या स्टुडिओकडे गेले. त्या टीकेत मला एक गोष्ट खटकली होती आणि ती तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे: जवळपास सगळी चर्चा चेहरे किती खरे दिसतात याचीच होती, उडी कशी लागते याची नव्हती. जुनी मालिका पुन्हा हवी म्हणणारे आपण लोक नेमके काय परत मागत असतो, हे आपल्यालाच नीट ठाऊक नसते. 2024 च्या जानेवारीत आलेल्या ‘द लॉस्ट क्राउन’ने ती उडी खरोखरच परत दिली, आणि फार सुंदर दिली, पण त्याच वर्षी तो घडवणाऱ्या गटाला इतर कामांवर पाठवून देण्यात आले.

आता ‘गॉड ऑफ वॉर’. तो अर्धा सोडलात तरी त्याची गोष्ट तुम्हाला आवडते असे तुम्ही लिहिले आहे, आणि ते मी प्रामाणिक मानतो. 2005, 2007 आणि 2010 च्या भागांतला नायक क्रेटोस म्हणजे निव्वळ सूड होता. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो समुद्रदेव पोसायडनला मारतो तेव्हा कॅमेरा मरणाऱ्याच्या डोळ्यांतून पाहतो, आणि शेवटी त्याचे डोळे फोडण्यासाठी खेळाडूला कंट्रोलरच्या दोन्ही काड्या अंगठ्यांनी दाबाव्या लागतात. पुढे सूर्यदेव हेलिओसचे मुंडके उपटून त्याचाच कंदील केला जातो. याला आवरच नव्हता. पण गोष्ट आणि हात एकाच दिशेने चालले होते, एवढे मान्य करावे लागेल. 2018 मध्ये मालिकेने कूस बदलली. क्रेटोस थकलेला बाप झाला. मुलगा अट्रेयस पहिल्यांदा हरीण टिपतो तेव्हा त्याला सुरी चालवता येत नाही आणि बाप त्याच्या हातावर आपला हात ठेवतो. एका जिवाला मारणे म्हणजे काय, हे कुठल्याही मोठ्या मालिकेने त्यापूर्वी इतक्या थोडक्यात दाखवल्याचे मला आठवत नाही. मग पुढच्या वळणावर दहा-बारा भुते येतात आणि तोच बाप त्यांना मधोमध फाडतो, कारण या मालिकेत ‘वन्स मोअर’ फाडण्याला आहे. हरणाच्या वेळी जड झालेला हात भुतांच्या वेळी जड होत नाही. तुम्हाला जे करवत नाही ते रक्त नव्हे. एका मरणाला अर्थ देऊन लगेच पुढच्या शंभर मरणांतून तो काढून घेणे, हे तुम्हाला सोसत नाही.

‘जीटीए’च्या चौथ्या भागाचीही हीच गत होती. 2008 च्या त्या भागाचा नायक निको बेलिक युद्धाने पोळलेला, केलेल्या हत्यांचे ओझे वाहणारा स्थलांतरित. कटसीनमध्ये, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेल्या कथेच्या प्रसंगात, तो आपल्या भूतकाळाने पिळवटलेला असतो आणि कटसीन संपले की खेळाडू त्याच निकोला घेऊन फुटपाथवरून गाडी घालतो. याच मालिकेतल्या जुन्या ‘वाइस सिटी’त हा ताण नव्हता, कारण तिथला नायक टॉमी व्हर्सेटीला पश्चात्ताप असा ठाऊकच नव्हता आणि आपण त्या शहरात चीट कोड टाकून रणगाडा मागवायला जात होतो. ते सगळे गुलाबी दिव्यांचे कार्टून होते. मालिका मोठी होऊ पाहते तेव्हा लेखकांना गंभीर गोष्ट लिहिता येते, पण हाताला दुसरे काही करायला देता येत नाही. 2001 ते 2004 या काळात तीन मोठे भाग काढणाऱ्या या मालिकेला पाचव्या भागानंतर सहावा आणायला एका तपाहून अधिक काळ लागतो आहे. दरम्यान पाचव्याच्या 20 कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि तोच गेम कन्सोलच्या तीन पिढ्यांवर पुन्हा पुन्हा विकला गेला. इतका पैसा ज्या क्रियेवर उभा आहे ती क्रिया बदलण्याचे धाडस कोण करील?

तरीही हे अटळ आहे असे नाही. 2004 च्या ‘मेटल गिअर सॉलिड 3’मध्ये एका नदीतून चालत जावे लागते. लढाई नाही, हत्यार नाही. तोवर तुम्ही ज्यांना ज्यांना मारले त्यांची भुते समोरून येत राहतात. जो खेळाडू शत्रूंना नुसते बेशुद्ध करून पुढे गेला त्याच्यासाठी नदी जवळजवळ रिकामी असते, आणि ज्याने दिसेल त्याला उडवले त्याला ती संपता संपत नाही. तिथे गेमने उपदेश केला नाही, हिशेब ठेवला. ‘स्पेक ऑप्स’ ही 1998 पासूनची एक साधारण लष्करी मालिका; 2012 मध्ये तिने वाळूत गाडलेल्या दुबईची गोष्ट सांगताना खेळाडूच्या हातून पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करवला आणि मग धूर निवळल्यावर त्या जळलेल्या लोकांमधून त्याला चालवत नेले. गेम फारसा खपला नाही, मालिका तिथेच संपली, आणि 2024 मध्ये परवान्यांच्या मुदती संपल्याने तो डिजिटल दुकानांतूनही उतरवला गेला. मला स्वतःला त्यातली गोळीबाराची रचना कंटाळवाणी वाटते. पण हाताला जबाबदार धरण्याची हिंमत एका जुन्या मालिकेने केली होती, हे नोंदवून ठेवायला हवे. याच्या उलट टोकाला ‘डूम’ आहे. 1993 पासून तो राक्षस मारतो, त्याला गोष्टीचे सोंग नको असते, आणि 2016 च्या भागात तर नायक कथा ऐकवणारा पडदाच हाताने बाजूला फेकून देतो. तो म्हातारा होत नाही, कारण तो मोठा झाल्याचा आवही आणत नाही. तुम्हाला आजही ‘डूम’ खेळताना काही खुपणार नाही, असा माझा अंदाज आहे. खुपले तर मला अवश्य कळवा, मग माझे हे सगळे विवेचन पुन्हा तपासावे लागेल.

तुमच्या सहकाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच की वयाबरोबर प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात आणि वेळ कमी पडतो. पण ती अडचण असती तर तुम्ही हरून गेम सोडला असता. तुम्ही तर जिंकता येण्यासारखे मिशन सोडलेत.

तुमच्या पत्नीचा प्रश्न टोमण्याच्या रूपात आला असला तरी तो रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये आपली भूमिका नव्याने मांडली. तिचा आशय असा की, हिंसक गेम आणि ओरडणे, ढकलणे यांसारखी आक्रमक वागणूक यांत छोटासा पण सातत्याने दिसणारा संबंध आढळतो. मात्र गेममुळे माणसे प्रत्यक्ष हिंसाचार करतात, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि हिंसाचाराचे खापर गेमवर फोडल्याने खऱ्या कारणांकडे दुर्लक्ष होते. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 14-15 वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. गेम किती हिंसक हे मुलांना न विचारता अधिकृत वयशिक्क्यांवरून ठरवले आणि मुलांच्या वागणुकीबद्दल पालकांनाही विचारले. त्यांना संबंध आढळला नाही. विद्वानांत अजून वाद आहेत, आणि ओरडणे-ढकलणे हेही घरात सोसावे लागते, तेव्हा हा विषय मिटला असे मी म्हणणार नाही. पण तुमच्यापुरते बोलायचे तर मन बोथट झालेला माणूस पक्कड हातात आल्यावर कंट्रोलर खाली ठेवत नाही. पत्नीला हेच सांगा, आणि सांगताना गेल्या वीस वर्षांत गेमपायी घरातला किती वेळ गेला या वेगळ्या प्रश्नालाही तयार राहा. मला शंका आहे की त्यांच्या मनात मुळात तोच असेल.

मुलाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: बाराव्या वर्षी ‘जीटीए सिक्स’ नाही. आधीच्या पाचव्या भागाला युरोपात 18 वर्षांचा शिक्का आहे आणि नवा भाग त्याहून सौम्य असेल असे मानायला काहीच कारण नाही. पण नकाराचे कारण खरे द्या. तू बिघडशील, गुंड होशील, असे सांगू नका. तुम्ही स्वतः हे सगळे खेळून पतसंस्थेत सरळमार्गी नोकरी करत आहात, हे तो रोज पाहतो. त्याला सांगा की हा गेम मोठ्यांसाठी लिहिलेला आहे, त्यातला उपरोध कळायला उपरोध कशावर आहे ते आधी माहीत असावे लागते, आणि ते कळण्यापूर्वी हातात येते ती नुसती पक्कड. यापेक्षाही मला काळजी वाटते ती ऑनलाइन भागाची. ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये अनोळखी प्रौढांचे आवाज कानात येतात आणि गेममधला पैसा खऱ्या पैशाने विकत घेता येतो; रक्ताच्या चर्चेत पालकांचे याकडे दुर्लक्ष होते. कन्सोलवर मुलाचे वेगळे खाते उघडा, त्यावर वयाची मर्यादा, खर्चाची मर्यादा आणि अनोळखी लोकांशी बोलण्याची मनाई या तिन्ही गोष्टी आजच लावा, आणि आपल्या खात्याला पासकोड ठेवा, कारण मुले आधी बापाच्या खात्यातूनच आत शिरतात. मित्राच्या घरी तो खेळेल ही शक्यता राहतेच. तसे झाले तर त्याने ते तुमच्यापासून लपवू नये, इतपत तरी घरात मोकळीक असू द्या.

नुसता नकार देऊन भागणार नाही, त्याच्याबरोबर बसावे लागेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, हातात त्रिशूळ, मागे राजस्थानी महाल आणि पहाडी चित्रशैलीचे रंग. लढाई आहे, पण तुमच्या मुलाला झेपेल अशी आहे. हे मी देशाभिमानापोटी सांगत नाही. तिच्या लढाईत मला उणिवा दिसतात आणि गेमही छोटा आहे. ‘द लॉस्ट क्राउन’ त्याहून खूप मोठा आणि बराच कठीण आहे. त्यात तुम्ही आळीपाळीने कंट्रोलर घेऊ शकाल आणि तुमची जुनी उडी त्याला शिकवू शकाल. तो तुमच्या पुढे जाईल, तेव्हा थोडे वाईट वाटेल, त्याची तयारी ठेवा.

‘जीटीए सिक्स’ तुम्ही स्वतः घ्यावा की नाही, याचा निर्णय ट्रेलर पाहून करू नका. 2023 च्या डिसेंबरात पहिली झलक आल्यापासून त्याचे प्रकाशन दोनदा पुढे गेले आहे, तेव्हा आणखी काही आठवडे थांबल्याने तुमचे काही बिघडणार नाही. तो पुन्हा वाइस सिटीत घडणार आहे, आणि तुमच्या पिढीच्या खेळाडूंना तेवढे आमिष पुरेल हे विकणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. प्रकाशनानंतर कोणीतरी खेळत असलेले सलग तासभराचे चित्रण पाहा. त्यात कटसीन सोडून द्या आणि खेळणाऱ्याचे हात त्या तासात काय करत होते एवढेच पाहा. ते तुम्हाला तीस-चाळीस तास करावेसे वाटले तर जरूर घ्या. नवा भाग आला की घ्यायचाच, हा नेम मात्र मोडा.

राहिले ते दोन गेम. ‘जीटीए फाइव्ह’ तुम्ही एकदा पुरा केलेला आहे, तेव्हा तो पुन्हा पुरा करण्याचे कर्तव्य तुमच्यावर नाही. डिस्क असेल तर विकून टाका. ‘रॅग्नारॉक’ मात्र सोडू नका. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लढाईची पातळी सर्वांत सोपी करा; गेम मध्यावर असतानाही ती बदलता येते. त्याने मारामाऱ्या चार घावांत आटोपतील. कंटाळलेल्या हातासाठी ही सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा मानू नका. या भागात अट्रेयस वयात आलेला आहे, बापाला न विचारता घराबाहेर पडतो, खोटे बोलतो, आणि काही काळ खेळाडूला त्याच्याच भूमिकेतून खेळावे लागते. बारा वर्षांच्या मुलाच्या बापाने तो टप्पा आत्ताच पाहिलेला बरा. या गेमलाही 18 चा शिक्का आहे, तेव्हा तो मुलगा झोपल्यावर सुरू करा आणि हेडफोन लावा.